पेशी कशी मरते: सेकंड एमबीबीएसच्या पॅथॉलॉजीची मुळापासून उजळणी

पॅथॉलॉजीच्या पहिल्या ट्यूटोरियलला मी मुलांना एकच प्रश्न विचारते. पेशी मरते म्हणजे नेमकं काय होतं? चार-पाच हात वर जातात आणि उत्तर येतं, "पिक्नोसिस, कॅरिओरेक्सिस, कॅरिओलिसिस." उत्तर चूक नाही. पण ही तिन्ही पेशी मेल्यावर केंद्रकात दिसणारी चिन्हं झाली. मरण कसं आलं ते त्यात कुठेच नाही. मग मी विचारते, "रक्तपुरवठा थांबल्यावर पहिल्या काही मिनिटांत काय बिघडतं?" आणि वर्ग गप्प होतो.

मीसुद्धा अशीच गप्प झाले होते. माझ्या प्रीलिमच्या तोंडीला परीक्षकांनी मूत्रपिंडाची स्लाइड लावून दिली आणि विचारलं, "या नलिकेच्या पेशी एवढ्या गुलाबी का?" मी म्हटलं, "सर, कोअॅग्युलेटिव्ह नेक्रोसिस." ते म्हणाले, "ते नाव झालं. गुलाबी का?" मला सांगता आलं नाही. याद्या सगळ्या पाठ होत्या, त्यांना जोडणारा धागा नव्हता. पुढची सगळी उजळणी मी त्या एका "का"भोवती लावली. आता कोकणातल्या मुलांना शिकवते तेही तसंच. खाली तीच पद्धत क्रमाने लिहिली आहे.

आधी निरोगी पेशी

कोरा कागद घ्या, पुस्तक बंद करा आणि दहा मिनिटांत एक पेशी काढा. आकृती सुबक नको. प्रत्येक भागाशेजारी दोनच गोष्टी लिहा: हा काय करतो, आणि हा बिघडला तर कोणता आजार. बारावीच्या जीवशास्त्रात पहिली गोष्ट शिकवलेली असते. मेडिकलच्या परीक्षेत गुण दुसऱ्या गोष्टीला मिळतात.

पेशीपटलावर सोडियम-पोटॅशियम पंप काढा. तो ३ सोडियम बाहेर टाकतो, २ पोटॅशियम आत घेतो आणि त्यासाठी एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन, जाळतो. या पंपाभोवती ठळक गोल करा, पुढे सगळं यावरच येणार आहे. माइटोकाँड्रियाशेजारी लिहा: एटीपी बनवतो, स्वतःचा डीएनए बाळगतो, तो डीएनए आईकडून येतो, आणि याच्या पोटातलं सायटोक्रोम सी बाहेर सांडलं की पेशीच्या आत्मनाशाला सुरुवात होते. रफ एंडोप्लाझ्मिक रेटिक्युलमवर रायबोसोम असतात, तिथे बाहेर पाठवायची प्रथिनं बनतात. स्मूथमध्ये औषधांचा निचरा होतो, म्हणून फिनोबार्बिटोन बराच काळ घेणाऱ्याच्या यकृतपेशीत तो वाढलेला दिसतो.

गॉल्जीला मी पोस्ट ऑफिस म्हणते. लायसोसोमकडे जायच्या एन्झाइमवर इथे मॅनोज-६-फॉस्फेटचा पत्ता लागतो. पत्ता लागलाच नाही तर एन्झाइम लायसोसोममध्ये न पोचता पेशीबाहेर रक्तात जातात. हाच आय-सेल डिसीज. आता लायसोसोममध्ये एखादंच एन्झाइम जन्मापासून नसेल तर काय होईल? जे पचायचं ते साठत जाईल. हेक्सोसॅमिनिडेज ए नसेल तर टे-सॅक्स, ग्लुकोसेरेब्रोसिडेज नसेल तर गॉशे. स्टोरेज डिसीजचा आख्खा तक्ता या एका वाक्यात बसतो.

पेशीच्या सांगाड्यात अॅक्टिनचे धागे सुमारे ७ नॅनोमीटरचे, मधले १० चे आणि मायक्रोट्यूब्यूल २५ चे. मधल्या धाग्यांकडे जास्त लक्ष द्या, कारण गाठ कुठल्या पेशीतून आली हे पॅथॉलॉजिस्ट त्यांच्यावरून ओळखतो. केराटिन सापडलं तर कार्सिनोमाकडे (आवरणाच्या पेशींचा कॅन्सर), व्हिमेंटिन तर सार्कोमाकडे (जोडऊतींचा कॅन्सर), डेस्मिन तर स्नायूकडे, जीएफएपी तर मेंदूच्या ग्लियल पेशीकडे बोट जातं. आणि सिलियाच्या डायनीनमध्ये दोष असेल तर कार्टाजेनर सिंड्रोम. एवढं पुरे, पेशीशास्त्रात याहून जास्त वेळ घालवू नका.

ती एक साखळी

आता या लेखाचा गाभा. उजळणीला एकच दिवस उरला असेल तर तोही इथेच घालवा.

रक्तपुरवठा थांबला. ऑक्सिजन नाही, म्हणून माइटोकाँड्रियात एटीपी बनत नाही. पहिला बंद पडतो तो गोल केलेला पंप. सोडियम आत राहतो, त्याच्या मागे पाणी येतं आणि पेशी फुगते. रेटिक्युलम सुजतं, पटलावर फुगे येतात, मायक्रोव्हिलाय मोडतात. हायड्रोपिक चेंज म्हणतात तो हाच, आणि पुस्तकात इजेचं पहिलं लक्षण म्हणून तो का दिलाय ते आता वेगळं पाठ करायला नको.

दुसरीकडे पेशी ऑक्सिजनशिवाय साखर जाळू लागते. साठवलेलं ग्लायकोजन संपतं, लॅक्टिक अॅसिड साचतं, पीएच उतरतो आणि केंद्रकातलं क्रोमॅटिन गोळा होतं. तिसरीकडे रायबोसोम रेटिक्युलमवरून सुटतात आणि प्रथिनं बनणं मंदावतं. यकृतात चरबी बाहेर वाहून न्यायला अपोप्रोटीन लागतं. ते बनलं नाही की चरबी पेशीतच अडकते. कुपोषणात आणि कार्बन टेट्राक्लोराइडच्या विषबाधेत फॅटी चेंज दिसतो तो असा.

इथपर्यंत रक्त परत आलं तर पेशी वाचते. पुढे मात्र मागे फिरायची वाट बंद होते, आणि ती दोन ठिकाणी बंद होते हे लिहायला विसरू नका. एक, ऑक्सिजन परत आला तरी माइटोकाँड्रिया पुन्हा चालू होत नाहीत. दोन, पटलांना न भरणारी भोकं पडतात. आतला कॅल्शियम वाढतो आणि तो फॉस्फोलायपेज, प्रोटीएज, एंडोन्यूक्लिएज अशा कापणाऱ्या एन्झाइमना जागं करतो. पटल, सांगाडा, डीएनए सगळं कुरतडलं जातं. लायसोसोम फुटतात. पेशीच्या आतलं बाहेर येतं, आणि तेच आपण रक्तात मोजतो. हृदयाचं ट्रोपोनिन, यकृताचं एसजीपीटी, ही फुटलेल्या पटलातून सांडलेली प्रथिनं आहेत.

आणि तो गुलाबी रंग? हिमॅटॉक्सिलिन हा बेसिक रंग, तो डीएनए-आरएनएसारख्या आम्लांना धरतो आणि निळा दिसतो. इओसिन प्रथिनांना धरतं आणि गुलाबी दिसतं. मेलेल्या पेशीतला आरएनए गेलेला असतो म्हणून निळा उतरतो, आणि विकृत झालेली प्रथिनं इओसिनला जास्त धरतात म्हणून गुलाबी चढतो. त्या दिवशी परीक्षकांना हवं होतं ते एवढंच.

ही साखळी बाणांनी एका पानावर काढा. दुसऱ्या दिवशी न बघता काढा, चौथ्या दिवशी पुन्हा, आठव्या दिवशी पुन्हा. चौथ्या वेळेला कुठला बाण का आला हे तुम्ही बोलून सांगू शकाल. पावसात आमच्याकडे वीज दोन-दोन दिवस गायब असते, मोबाईलवरच्या नोट्स तेव्हा कामाला येत नाहीत. हा कागद येतो.

साखळीला वेळेचं माप जोडा. रक्त थांबल्यावर मेंदूच्या चेतापेशी ३ ते ५ मिनिटांत परत न येण्याच्या टप्प्याला जातात, हृदयाच्या स्नायूपेशी साधारण २० ते ३० मिनिटांत, हातापायाचे स्नायू २ ते ३ तास तग धरतात. मरण आणि मरण दिसणं यांत मात्र अंतर आहे. हृदयपेशी अर्ध्या तासात मेली तरी साध्या सूक्ष्मदर्शकाखाली पहिले ४ तास जवळपास काहीच कळत नाही. छातीत कळ येऊन तासाभरात गेलेल्या माणसाच्या शवविच्छेदनात हृदय चांगलं दिसतं ते याच कारणाने. २-३ तास गेले असतील तर टीटीसी नावाच्या रसायनाच्या द्रावात हृदयाचा काप बुडवतात. जिवंत स्नायू विटेसारखा लाल होतो आणि मेलेला भाग फिका राहतो, कारण त्याचं डिहायड्रोजिनेज आधीच सांडून गेलेलं असतं. पुन्हा तेच फुटलेलं पटल.

आपल्याकडचा एक रुग्ण या साखळीला जोडून बघा. जुलै-ऑगस्टमध्ये भातलावणी करून आलेला, ताप, पोटऱ्या दुखतायत, डोळे लाल, मग कावीळ. लेप्टोस्पायरोसिस. कोकणात पोस्टिंग केलेल्या प्रत्येकाने हा रुग्ण पाहिलेला असतो. याची कावीळ गडद असते, पण एसजीपीटी-एसजीओटी ही एन्झाइम त्यामानाने थोडेच वाढलेले असतात. का? यकृतपेशींचं काम अडलेलं आहे, पण त्या व्हायरल हेपटायटिससारख्या ढिगाने मरत नाहीत. बिलिरुबिन काम सांगतं, एन्झाइम मरण सांगतात. हा फरक ज्याला कळला त्याला मेडिसिनमध्येही लिव्हर फंक्शन टेस्ट वाचता येईल.

मरणाचे प्रकार

नेक्रोसिस म्हणजे इजेने आलेलं पेशीचं मरण, त्याचे प्रकार आता चटकन होतील. पेशीतलं आम्ल वाढून बांधणीची प्रथिनं आणि पचवणारी एन्झाइम दोन्ही विकृत झाली, तर पेशीचा आकार काही दिवस तसाच उभा राहतो. हा कोअॅग्युलेटिव्ह, रक्तपुरवठा तुटल्यावर मेंदू सोडून सगळ्या घट्ट अवयवांत. मेंदूत मात्र पाणी होतं, तसंच पू होतो तिथेही. हा लिक्विफॅक्टिव्ह. क्षयरोगाच्या गाठीत पनीरसारखा चुरा म्हणजे केसियस. स्वादुपिंडाच्या सुजेत चरबी फुटते, कॅल्शियमशी मिळून खडूसारखे ठिपके होतात, तो फॅट नेक्रोसिस. रक्तवाहिनीच्या भिंतीत इम्यून कॉम्प्लेक्स आणि फायब्रिन साचलं की फायब्रिनॉइड.

गँगरीनला वेगळा प्रकार मानू नका, तो सर्जनांचा शब्द आहे. आमच्या ओपीडीत दर पावसाळ्यात असे काका येतात ज्यांना साखरेमुळे तळव्याला संवेदना उरलेली नाही. कातळावरून अनवाणी चालताना काटा रुतला तरी समजत नाही. अंगठा काळा, सुका, आणि जिवंत कातडीपासून रेघ मारल्यासारखा वेगळा, ते ड्राय गँगरीन, म्हणजे कोअॅग्युलेटिव्ह. त्यात जंतू शिरले, सूज-वास-पाणी सुरू झालं की वेट, म्हणजे वर लिक्विफॅक्शनची भर. वेटमध्ये रेघ दिसत नाही आणि पाय वाचवायला वेळ फार थोडा असतो. परीक्षेत पॉट, म्हणजे बरणीत ठेवलेला अवयव, ओळखताना ती रेघ शोधा, आणि वॉर्डात गेल्यावरही शोधा.

अॅपॉप्टोसिस, म्हणजे पेशीचा आत्मनाश, याच्या उलट. पेशी फुगण्याऐवजी आकसते, पटल शाबूत राहतं, तुकडे मॅक्रोफेज गिळतात, आतलं काही सांडत नाही म्हणून सूज येत नाही. एक रस्ता माइटोकाँड्रियातून: सायटोक्रोम सी, मग कास्पेज ९. दुसरा पेशीबाहेरून फॅस रिसेप्टरमधून: कास्पेज ८. दोन्ही कास्पेज ३ ला मिळतात. माइटोकाँड्रियाचं दार बंद ठेवणारं प्रथिन बीसीएल-२. ते अति झालं तर मरायला हव्या त्या पेशी मरत नाहीत, आणि फॉलिक्युलर लिम्फोमात तेच होतं.

सूज: होडी धक्क्याला लागते तशी

पांढऱ्या पेशीचा रक्तातून ऊतीत जाण्याचा क्रम मुलं हमखास उलटसुलट लिहितात. खाडीत होडी धक्क्याला लागताना पाहिली असेल तर क्रम चुकणार नाही. आधी होडी मधली धार सोडून काठाला येते, हे मार्जिनेशन. मग दोर फेकाफेक, लागतो, सुटतो, पुन्हा लागतो, होडी घसरत पुढे सरकते. हे रोलिंग आणि हे दोर म्हणजे सिलेक्टिन. मग दोर खुंटीला पक्का बांधतात, तो इंटेग्रिन, आणि खुंटी म्हणजे एंडोथेलियमवरचं, म्हणजे रक्तवाहिनीच्या अस्तरावरचं, आयकॅम-१. मग माणसं उतरून फळ्यांच्या फटीतून आत, तिथे पीकॅम-१. आणि उतरल्यावर वासाच्या दिशेने चालत जाणं म्हणजे केमोटॅक्सिस: सी५ए, ल्युकोट्राइन बी४, आयएल-८ आणि जिवाणूंची स्वतःची प्रथिनं.

आता पक्का दोर जन्मापासूनच नसेल तर? पेशी रक्तात खूप, जखमेत एकही नाही. म्हणून ल्युकोसाइट अॅड्हिजन डेफिशियन्सी टाइप १ च्या बाळाची नाळ उशिरा गळते, जंतुसंसर्ग होतो पण पू होत नाही, आणि काउंट भरमसाट येतो. तीन लक्षणं, कारण एकच. पहिल्या ६ ते २४ तासांत न्यूट्रोफिल, २४ ते ४८ तासांत मोनोसाइट, हेही याला जोडूनच लिहा.

ग्रॅन्युलोमात, म्हणजे मॅक्रोफेजच्या गाठीत, दोन सारख्या नावांची गफलत टाळा. लँगहान्स जायंट सेल क्षयरोगात, केंद्रकं घोड्याच्या नालेसारखी कडेला. लँगरहान्स पेशी त्वचेत, आणि स्वादुपिंडातली बेटंही लँगरहान्सचीच.

रक्त आणि पाणी

हिमोडायनॅमिक्ससाठी, म्हणजे रक्तप्रवाहाच्या बिघाडांसाठी, कोकणाने दोन शिक्षक दिलेत, फुरसं आणि विंचू.

फुरशाच्या विषात प्रोथ्रॉम्बिनला थेट जागं करणारं एन्झाइम असतं. शरीरभर फायब्रिनोजेन वापरून संपतं आणि मग रक्त गोठतच नाही. कन्झम्पशन कोअॅग्युलोपथी हा अवघड शब्द इथे डोळ्यांनी दिसतो. स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत २ मिली रक्त घ्यायचं, २० मिनिटं अजिबात हलवायचं नाही, मग एकदाच आडवी करायची. रक्त वाहिलं तर गुठळी झालेली नाही आणि प्रतिविष हवं. नळी काचेचीच का? काचेच्या पृष्ठभागाने रक्त गोठवणाऱ्या इन्ट्रिन्सिक पाथवेचा पहिला घटक, फॅक्टर १२, जागा होतो, प्लास्टिकवर तसं होत नाही आणि निकाल फसवा येतो. रात्री अडीचला एखाद्या ग्रामीण रुग्णालयात टेबलावर ती नळी ठेवून घड्याळाकडे बघणाऱ्या इंटर्नला इन्ट्रिन्सिक पाथवे कधीच विसरता येत नाही.

लाल विंचवाच्या दंशात शरीरात कॅटेकोलामाइनचं वादळ उठतं, रक्तवाहिन्या आवळतात, हृदयावर ताण येतो आणि फुप्फुसात पाणी भरतं. हे पाणी हायड्रोस्टॅटिक दाब वाढल्याने आलेलं, म्हणजे ट्रान्झुडेट: प्रथिन कमी, विशिष्ट गुरुत्व १.०१२ च्या खाली. न्यूमोनियात येतं ते एक्झुडेट, १.०२० च्या वर, कारण तिथे वाहिनीच्या भिंतीला फटी पडलेल्या असतात. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचूदंशात प्राझोसिन वापरून रायगडातली कितीतरी मुलं वाचवली. ते काम याच शरीरक्रियेच्या समजुतीवर उभं आहे: आवळलेल्या वाहिन्या अल्फा रिसेप्टर अडवून सैल करायच्या.

जखम भरणं आणि गाठ

कोयतीने हात कापलेला माणूस टाके काढायला आठवड्याने येतो आणि हमखास विचारतो, "आता काम केलं तर चालेल ना?" उत्तर तुमच्या पुस्तकात आहे. टाके काढताना जखमेची ताकद मूळ कातडीच्या जेमतेम १० टक्के असते, ३ महिन्यांनी ७० ते ८० टक्के होते, आणि पूर्ण १०० बहुतेक कधीच नाही. टाइप ३ कोलॅजन जाऊन टाइप १ येतं. प्रोलीनवर हायड्रॉक्सिल गट बसवायला क जीवनसत्त्व लागतं, म्हणून स्कर्व्हीत जखमा उघडतात. व्रण जखमेच्या हद्दीत राहिला तर हायपरट्रॉफिक, हद्द ओलांडली तर किलॉइड.

निओप्लाझियाची, म्हणजे गाठींची, उजळणी मी सुपारीपासून करते. श्रीवर्धनची सुपारी आपल्याला घरची, शुभकार्याची. पण रोज चघळली की तिच्यातलं अॅरेकोलिन गालाच्या आत फायब्रोब्लास्टना कोलॅजन बनवायला लावतं, गाल पांढुरका आणि ताठ होतो, तोंड उघडेनासं होतं. रुग्णाला स्वतःची तीन बोटं उभी तोंडात घालायला सांगा. जात नसतील तर ओरल सबम्युकस फायब्रोसिसचा विचार करा. तंबाखू नसली तरी नुसती सुपारीसुद्धा कॅन्सर करते, जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने तिला पहिल्या गटात टाकलं आहे. पुढचा प्रवास क्रमाने: डिस्प्लेझिया, म्हणजे पेशींची घडण बिघडणं, मग आख्ख्या जाडीत बिघाड पण बेसमेंट मेंब्रेन (खालचा पातळ पडदा) शाबूत, म्हणजे कार्सिनोमा इन सिटू, मग मेंब्रेन फोडून आत शिरणं. स्लाइडवर केराटिनचे मोती दिसले की स्क्वेमस सेल कार्सिनोमा. ग्रेड म्हणजे पेशी किती बिघडल्या, स्टेज म्हणजे गाठ किती पसरली, आणि उपचार ठरवताना बहुधा स्टेजला जास्त वजन असतं. गाठ घातक असल्याचा सर्वांत पक्का पुरावा मेटास्टॅसिस. एचपीव्ही विषाणूचं ई६ प्रथिन गाठ रोखणाऱ्या पी५३ ला मारतं, ई७ तसंच आरबीला. हे दोन ओळींत लिहून टाका.

टेबलावर

स्लाइड मिळाली की आधी ती उजेडाकडे धरून नुसत्या डोळ्यांनी बघा. मूत्रपिंडाचा कडेचा गडद पट्टा, फुप्फुसाची जाळी, यकृताचा सलग तुकडा, बरंच तिथेच कळतं. मग ४एक्स, मग १०, शेवटी ४०. थेट ४० वर जाणारी मुलं एका पेशीत हरवतात. आकृती एच अँड ईच्या (हिमॅटॉक्सिलिन-इओसिनच्या) दोन पेन्सिलींनीच काढा आणि निळं कुठे, गुलाबी कुठे हे जाणीवपूर्वक ठरवा. रंग चुकला की परीक्षकाला कळतं की तुम्ही स्लाइड पाहिलेली नाही.

लांब उत्तरात साखळीची आकृती पहिल्या पानावर घ्या, वर्णन नंतर. लघुत्तरीत व्याख्या, कारण, एक उदाहरण, एक चित्र. पॉटमध्ये आधी अवयव सांगा, मग बदललेला भाग, मग निदान. कितीही ओळखीचा पॉट असला तरी निदानावर उडी मारू नका.

आणि तोंडीत नाव आठवलं नाही तर गप्प बसू नका. जे दिसतंय ते बोला: "सर, नलिकेच्या पेशींचे आकार टिकून आहेत, केंद्रक गेलेलं आहे, सायटोप्लाझम गडद गुलाबी आहे, कारण आरएनए गेला आणि प्रथिनं विकृत झाली." एवढं बोलेपर्यंत नाव बहुतेक वेळा आपोआप आठवतं. नाही आठवलं तरी परीक्षकाने विचारलेल्या "का"चं उत्तर तुम्ही दिलेलं असतं.